परसबागेतील मुनिया आणि कारळ्याची ओळ
बंगळुरू परिसराच्या उदाहरणातून बी खाणाऱ्या लहान पक्ष्यांसाठी बाग उभारण्याचा विचार

उत्तर अमेरिकेत घरामागच्या अंगणात पक्ष्यांसाठी खाद्य टांगण्याची प्रथा फार जुनी आहे. तेथील अंगणातला सर्वांचा लाडका पाहुणा म्हणजे गोल्डफिंच. हा चिमणीपेक्षाही लहान असतो आणि उन्हाळ्यात त्याचा नर हळदीसारखा पिवळाधमक होतो. याच्यासाठी बारीक छिद्रांच्या नळीत जे काळे, सुईसारखे बी भरतात, ते दुसरे तिसरे काही नसून आपले कारळे होय. कोठे त्याला खुरासणी म्हणतात, तर कर्नाटकात हुच्चेळ्ळू किंवा गुरेळ्ळू. भारत आणि इथिओपिया या देशांतून हे बी पक्षीखाद्य म्हणून परदेशी जाते. त्यासोबत अमरवेलीचे बी जाऊन तेथील शेतांत रुजू नये, म्हणून अमेरिकेत प्रवेश देण्यापूर्वी त्यावर उष्णतेची प्रक्रिया सक्तीची आहे.

ज्या पिकाच्या बियांवर सातासमुद्रापलीकडची पाखरे पोसली जातात, ते पीक आपल्या परसबागेत मात्र क्वचित दिसते. बंगळुरूसारख्या वाढत्या शहरात बी खाणाऱ्या लहान पक्ष्यांना पुन्हा घराजवळ आणावयाचे असेल, तर सुरुवात बाजारातील खाद्यनळीपासून न करता कारळे, राळा, नाचणी यांच्या एका वाफ्यापासून करावी, हे या लेखाचे मुख्य सूत्र आहे. मात्र हा विषय केवळ हौसेचा नाही. ज्या पाखरांना शहरातील माणूस बोलावतो, त्यांनाच शहराच्या वेशीवरचा शेतकरी गोफण घेऊन हाकलतो. या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याशिवाय विस्तार कार्यकर्त्याला योग्य सल्ला देता येणार नाही.

सोनेरी पाखराची येथील जागा कोणाची?

गोल्डफिंच बंगळुरूमध्ये येत नाही. युरोप व आशियातील गोल्डफिंचचा एक प्रकार भारतात आढळतो, पण तो काश्मीरपासून नेपाळपर्यंतच्या हिमालयात. अमेरिकेतील पिवळा गोल्डफिंच तर भारतात मुळीच नाही. त्यामुळे परदेशी पुस्तके किंवा चित्रफिती पाहून नळ्या टांगणाऱ्याची निराशा होते. तथापि निसर्गात त्या पक्ष्याची जी जागा आहे, म्हणजे लहान, जाड चोचीचा, थव्याने हिंडणारा आणि गवत व फुलझाडांच्या बियांवर जगणारा पक्षी, ती दख्खनच्या पठारावर रिकामी नाही. ती मुख्यतः तीन गटांनी भरलेली आहे.

पहिला गट मुनियांचा. यांना मराठीत मनोली असेही म्हणतात. बंगळुरू परिसरात ठिपकेदार मुनिया सर्वांत सहज दिसते. तिची पाठ तपकिरी असून पोटावर खवल्यांसारखी नक्षी असते. लांबी जेमतेम अकरा ते बारा सेंटिमीटर आणि वजन 12 ते 16 ग्रॅम. तिच्याबरोबर पांढऱ्या गळ्याची मुनिया, पांढऱ्या पाठीची मुनिया आणि तलावाकाठच्या उंच गवतात लाल मुनिया आढळतात. लाल मुनियेच्या शास्त्रीय नावात अमंडावा हा शब्द दोनदा येतो आणि तो अहमदाबाद या नावावरून आला आहे, कारण एकेकाळी पिंजऱ्यातील पक्षी म्हणून ती तेथून परदेशी जात असे.

दुसरा गट सुगरणीचा. पावसाळ्यात सुगरण नराचे डोके व छाती पिवळी होते आणि चेहऱ्यावर गडद मुखवटा चढतो. बंगळुरूमध्ये एखाद्याने दाण्यावर बसलेले सोनेरी पाखरू पाहिले असेल, तर बहुधा ते हेच. सुगरणीच्या जीवनक्रमाचा पायाभूत अभ्यास डॉ. सलीम अली यांनी 1930 मध्ये रायगड जिल्ह्यातील किहीम येथे केला. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते आणि ती अंड्यांवर बसली की नर पुढच्या घरट्याला लागतो, हा क्रम त्या निरीक्षणांतून स्पष्ट झाला.

तिसरा गट आपल्या परिचयाच्या चिमणीचा. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालानुसार देशपातळीवर चिमणीची संख्या बरीचशी स्थिर आहे, परंतु बंगळुरूसह सहा महानगरांतील नोंदी हळूहळू घट दाखवतात. म्हणजे चिमणी देशातून नाहीशी होत नसून मोठ्या शहरांच्या मध्यभागातून मागे सरत आहे. शहरातील बागांचे महत्त्व येथे सुरू होते.

बंगळुरूचा भूभाग काय सांगतो?

समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरील या पठारावर मे महिन्यात वळवाचा आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरमध्ये मोसमी पावसाचा जोर असतो. त्यामुळे गवताला बी धरण्याचा काळ लांबतो आणि मुनियांची विणही पावसाच्या मागोमाग चालते. या कोरडवाहू प्रदेशाचे मुख्य अन्नधान्य नाचणी, म्हणजे कन्नडमधील रागी. 1964 मध्ये स्थापन झालेल्या बंगळुरू कृषी विज्ञान विद्यापीठाच्या गांधी कृषी विज्ञान केंद्र परिसरात नाचणी व इतर लघु तृणधान्यांवर दीर्घकाळ संशोधन होत आले आहे. देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर, होसकोटे, मागडी, आनेकल या तालुक्यांत आजही नाचणीच्या शेताला लागूनच नव्या वसाहतींचे भूखंड आखलेले दिसतात.

या भागातील पारंपरिक नाचणीच्या शेतात केवळ नाचणी नसे. ठरावीक अंतरावर पावटा, तूर, मोहरी, एरंड आणि कारळे यांच्या ओळी सोडल्या जात. या पद्धतीला कन्नडमध्ये अक्कडी सालू असे नाव आहे. विद्यापीठाने कोरडवाहू शेतीसाठी शिफारस केलेली नाचणीच्या आठ ओळींमागे तुरीच्या दोन ओळी ही रचना याच विचाराचे सुटसुटीत रूप म्हणता येईल. मिश्र ओळींमुळे घराला डाळ, तेल व चटणी मिळे, मधमाश्यांना फुले मिळत आणि उंच झाडांवर बसून कोतवाल, वेडा राघू असे कीटकभक्षी पक्षी पिकावरील किडे टिपत. बांधावरचे गवत आणि ओळींतले उरलेले बी यांवर लहान पाखरांची गुजराण होई.

शेताचा तुकडा वसाहतीत गेला की या सर्व गोष्टी एकदम जातात. तरीही पाखरे लगेच जात नाहीत. रिकाम्या भूखंडांवर माजलेल्या गिनी गवताच्या तुऱ्यांवर मुनियांचे थवे लोंबकळताना बंगळुरूमध्ये नेहमी दिसतात. पुढे त्या भूखंडावर इमारत उभी राहते, उरलेल्या जागेत फरशी बसते आणि शेवटचे बीही संपते. परसबागेने भरून काढायची पोकळी ही आहे.

दाणे टांगण्यापेक्षा बी पिकवावे

बी खाणाऱ्या पक्ष्याला बोलावण्याचे दोन मार्ग आहेत: भांड्यात दाणे ठेवणे किंवा झाडावर बी पिकू देणे. पहिला मार्ग झटपट फळ देतो, पण बंगळुरूसारख्या शहरात उघड्या ताटलीतील बाजरीवर सर्वांत आधी पारवे येतात, मागून घुशी व उंदीर. मुंबईतील कबुतरखान्यांवरून उठलेला वाद सर्वांना ठाऊक आहे. पारव्यांच्या विष्ठेचा श्वसनविकारांशी असलेला संबंध वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आहे. मुनिया मात्र हेलकावणाऱ्या बारीक दांड्यावर उलटसुलट लटकून थेट कणसातील दाणे सोलू शकते. जड पारव्याला ते जमत नाही. म्हणून उभ्या झाडावर पिकलेले बी ही लहान पक्ष्यासाठी आपोआप राखीव राहणारी पंगत ठरते.

दुसरा लाभ असा की झाडासोबत किडेही येतात. चिमणी व सुगरण प्रौढपणी दाणे खात असल्या तरी पिलांना आरंभी मऊ कीटक व अळ्या भरवतात. केवळ कोरडे दाणे टांगलेल्या आणि प्रत्येक किडीवर औषध मारलेल्या बागेत मोठ्या चिमण्या येतील, पण पिले वाढणार नाहीत. मुनियांची पिले मुख्यतः अर्धवट पिकलेल्या बियांवर वाढतात, आणि असे हिरवे बी भांड्यात कधीच मिळत नाही.

परसबागेसाठी पुढील वनस्पतींची निवड करता येईल.

राळा, वरी व नाचणी: मुनियांची पहिली पसंती गवतकुळातील बियांना असते. दीड ते दोन चौरस मीटरचा एक वाफा किंवा गच्चीवर एकमेकांना चिकटून ठेवलेल्या पाच सहा पिशव्या पुरेशा होतात.

गवताचा कोपरा: आवाराच्या एका कोपऱ्यात गवत कापू नये, त्याला बी धरू द्यावे. गिनी गवताचे एखादे ठोंब चालेल, परंतु ते जोमाने पसरते, म्हणून शेताच्या बांधाजवळ ते लावू नये. रानटी कोपऱ्याच्या नावाखाली गाजर गवत मात्र मुळीच राहू देऊ नये, ते फुलण्यापूर्वीच उपटावे.

कारळे, सूर्यफूल, कॉसमॉस व झिनिया: ही सर्व एकाच कुळातील झाडे आहेत. फुले सुकल्यावर बोंडे लगेच छाटण्याची माळ्यांची सवय येथे मोडावी लागते. बागेला थोडे विस्कटलेपण येते, परंतु पाखरांना हवे असते ते नेमके त्या सुकलेल्या बोंडांत असते.

कारळ्याचा वाफा

कारळे हे सूर्यफुलाच्या कुळातील खरीप तेलबिया पीक आहे. बियांत साधारण 35 ते 40 टक्के तेल असते, त्यामुळे लहान पक्ष्यासाठी ते भरपूर ऊर्जेचे अन्न ठरते. महाराष्ट्रात नाशिक, नंदुरबार, पालघर, कोल्हापूर या जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात ते परंपरेने घेतले जाते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या इगतपुरी येथील संशोधन केंद्राने त्यावर काम केले असून फुले कारळा हा वाण तेथूनच आला आहे. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत आणि थोड्या खतावर येणारे हे पीक परसबागेला सोयीचे आहे.

शेतात हेक्टरी सुमारे पाच किलो बी लागते. या हिशेबाने दोन चौरस मीटरच्या वाफ्याला एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर बी पुरते. बी बारीक असल्याने ते वाळूत मिसळून 30 सेंटिमीटर अंतराच्या ओळींत उथळ पेरावे आणि रोपे हाताला आली की दोन रोपांत 10 सेंटिमीटर अंतर राहील अशी विरळणी करावी. किराणा दुकानातून आणलेले बी पेरावयाचे असल्यास ते आधी बारीक चाळणीने चाळून घ्यावे. त्यात अमरवेलीचे बी असू शकते आणि वाफ्यात पिवळे तंतू दिसताच वेढलेल्या रोपासह ते उपटून नष्ट करावे. बंगळुरू परिसरात जुलै ते ऑगस्टमधील पेरणी सोयीची असते. पीक तीन ते चार महिन्यांत तयार होते.

येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावी. कारळ्याच्या झाडाला स्वतःच्याच परागाने बी धरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग मधमाश्यांनी आणावा लागतो. कुंडीत हौसेने लावलेले एकच झाड भरपूर फुलते, पण बोंडे पोचट राहतात. त्यामुळे किमान पंधरा वीस झाडे एकत्र लावावीत आणि फुलोऱ्याच्या काळात परसबागेत कोणतेही कीटकनाशक फवारू नये. सातेरी आणि फुलोरी मधमाश्या या पिवळ्या फुलांवर आवडीने येतात. शेजारच्या दोडका, भोपळा, काकडी या वेलींनाही त्याचा लाभ होतो.

बोंडे पिकून तपकिरी काळी झाली की बी गळू लागते. घरच्या चटणीपुरती बोंडे आधी काढावीत आणि उरलेली झाडे तशीच उभी ठेवावीत. खाली सांडलेले बी चिमण्या व मुनिया जमिनीवरून टिपतात. त्यासाठी वाफ्याभोवतीची दीड दोन मीटर जागा मोकळी असावी, म्हणजे झुडपाआड दबा धरलेले मांजर पाखरांना वेळीच दिसते.

पाणी, आडोसा आणि घरटे

कोरडे बी खाणाऱ्या पक्ष्याला पाण्याची गरज अधिक असते. फेब्रुवारी ते मे या काळात पाण्याचे एक उथळ भांडे दाण्यांपेक्षा मोठे आकर्षण ठरते. मातीचे पसरट परळ, कडेला दोन तीन सेंटिमीटर आणि मध्ये फार तर पाच सेंटिमीटर पाणी, तळाला खडबडीत दगड, एवढे पुरे. पाणी रोज बदलावे आणि परळ आठवड्यातून दोनदा घासावे. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात साधारण आठवडाभरात वाढ पूर्ण करतो, म्हणून पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी डासांची पैदास होण्याचे ठिकाण बनू नये.

घरट्यांच्या बाबतीत तिन्ही गटांच्या गरजा वेगळ्या आहेत. ठिपकेदार मुनिया गवताच्या काड्यांचे चेंडूसारखे घरटे दाट, काटेरी झाडीत बांधते. लिंबू, करवंद, बोगनवेल, तसेच मोरपंखीचे झाड तिला आवडते, अगदी सज्जातील कुंडीतले झाडही तिला चालते. पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंत अशा झाडांची छाटणी पुढे ढकलावी. घाणेरीतही ती घरटे करते, तथापि ही आक्रमक वनस्पती मुद्दाम लावू नये. पांढऱ्या गळ्याची मुनिया सुगरणीची सोडून दिलेली घरटी वापरते, म्हणून विहिरीवरच्या बाभळीला किंवा शिंदीला लोंबणारी जुनी घरटी शोभेसाठी तोडून आणू नयेत. चिमणीला मात्र भिंतीतील पोकळी हवी असते. आरसीसी इमारतींत ती नसल्याने 32 ते 38 मिलिमीटर व्यासाच्या छिद्राची लाकडी पेटी सावलीच्या भिंतीवर लावावी. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने अशा पेट्यांचा प्रसार केला आणि 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

टांगलेल्या खाद्याची दक्षता

उन्हाळ्यात थोडे खाद्य टांगण्यास हरकत नाही, मात्र त्याचे नियम कडक असावेत. पहिला नियम स्वच्छतेचा. ब्रिटनमध्ये 2005 च्या सुमारास ट्रायकोमोनोसिस हा रोग फिंच पक्ष्यांत पसरला. एकाच खाद्यपात्रावर व पाण्यावर गर्दी झाल्याने त्याला वाट मिळाली आणि अंगणातील नेहमीचा ग्रीनफिंच इतका घटला की 2021 मध्ये त्याची नोंद तेथील लाल यादीत करावी लागली. प्रेमापोटी ठेवलेले भांडे रोगाचे केंद्र होऊ शकते, हा धडा आपल्यालाही लागू आहे. खाद्य दिवसभरात संपेल एवढेच ठेवावे, भांडे दर आठवड्याला साबणाने धुऊन उन्हात वाळवावे, भिजून बुरशी आलेले दाणे टाकून द्यावेत. पिसे फुलवून सुस्त बसलेला पक्षी दिसल्यास काही आठवडे खाद्य व पाणी दोन्ही बंद करावे.

दुसरा नियम शेतकरी कुटुंबांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. पेरणीनंतर उरलेले, बीजप्रक्रिया केलेले बियाणे पाखरांना कधीही घालू नये. इमिडाक्लोप्रिडसारख्या कीटकनाशकाची प्रक्रिया केलेले थोडे दाणेही चिमणीएवढ्या पक्ष्याला घातक ठरू शकतात. पेरणीच्या वेळी शेताच्या टोकाशी सांडलेले असे बियाणेही मातीआड करावे.

तिसरा नियम कायद्याचा. मुनिया, सुगरण यांसारखे देशी पक्षी पकडणे, विकणे व पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार गुन्हा आहे. पुण्य म्हणून बाजारातून मुनिया विकत घेऊन सोडल्यानेही पकडणाऱ्याचा धंदाच चालतो. बागेत बी, पाणी आणि आडोसा असेल, तर पाखरू आपण होऊन येते.

शेजारी नाचणीचे शेत असेल तर

विस्तार कार्यकर्त्याला सर्वाधिक अडचणीचा प्रश्न येथे येतो. दाणा दुधात असताना सुगरण, मुनिया व चिमण्यांचे थवे ज्वारी, बाजरी, नाचणी व भातावर उतरतात आणि लहान क्षेत्राचे नुकसान मोठे असते. चारही बाजूंचे शेत कापून झाले असताना एखाद्याचेच पीक उशिरा उभे राहिले, तर सगळा थवा त्याच्याच वाट्याला येतो. अशा शेतकऱ्याला पाखरांसाठी बाग लावण्याचा सल्ला देणे हे जखमेवर मीठ चोळण्यासारखे होईल. म्हणून सल्ला ठिकाण आणि काळ पाहून द्यावा.

शहराच्या मध्यभागी, जेथे दोन तीन किलोमीटरपर्यंत धान्याचे शेत नाही, तेथे वर्षभर बी राखण्यास काहीच बाधा नाही. शहराच्या कडेला मात्र परसबागेचे वेळापत्रक शेताशी जुळवून घ्यावे. बंगळुरू परिसरात पावसाळी नाचणी साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये दाण्यावर येऊन कापली जाते. या काळात खाद्यपात्रे काढून ठेवावीत आणि तृणधान्याचा वाफा लावू नये. कापणी संपल्यावर, जानेवारी ते मे या टंचाईच्या काळात बी, पाणी व खाद्य यांची सोय करावी. तेव्हा पाखरे शेतातील सांडलेले दाणे टिपतात, कोणाचे उभे पीक खात नाहीत. परसबागेत दाणे ठेवल्याने थवे शेत सोडून तिकडे जातील, असा दावा कोणी करू नये. दोन चार वाफ्यांत एवढी ताकद नसते.

शेतात संरक्षणाचे उपाय चालू ठेवलेच पाहिजेत. शेतीतील पक्ष्यांवर संशोधन करणाऱ्या हैदराबाद येथे केंद्र असलेल्या अखिल भारतीय प्रकल्पातून अनेक सोपे, पक्षी न मारणारे उपाय पुढे आले आहेत. एका बाजूला चंदेरी व दुसऱ्या बाजूला लाल असलेली परावर्तक फीत पिकापेक्षा थोडी उंच, पीळ देऊन ताणली असता वाऱ्याने चमकते व आवाज करते. ती पेरणीपासून न लावता दाणा दुधात येताना लावावी आणि कापणीनंतर लगेच काढावी, अन्यथा पाखरे तिला सरावतात. सूर्यफुलाभोवती मका किंवा ज्वारीच्या दाट ओळींचा पडदा करणे, गावाने एकाच आठवड्यात पेरणी उरकणे, हेही उपाय परिणामकारक आहेत. एकाच वेळी पिकलेल्या मोठ्या क्षेत्रात नुकसान विभागले जाते आणि एकट्या शेतकऱ्यावर भार पडत नाही.

याच संदर्भात पक्षी थांब्यांचाही उल्लेख आवश्यक आहे. एकात्मिक कीड व्यवस्थापनात शेतात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे थांबे लावले जातात, ते कीटकभक्षी पक्ष्यांसाठी. तृणधान्यात कणीस बाहेर पडू लागताच हे थांबे काढावेत, नाहीतर दाणे खाणाऱ्यांना तेच आसन मिळते. तोच पक्षी एका अवस्थेत मित्र आणि दुसऱ्या अवस्थेत भागीदार असू शकतो. जूनमध्ये पिलांना अळ्या भरवणारी चिमणी नोव्हेंबरमध्ये कणसावर बसते. तिला सरसकट शत्रू ठरवणे जसे चुकीचे, तसेच तिच्या नुकसानीकडे डोळेझाक करणेही चुकीचे.

परसबागेचे वर्ष

जानेवारी ते फेब्रुवारी: कारळे, सूर्यफूल, झिनिया यांची सुकलेली झाडे उभी ठेवावीत. पाण्याची परळे मांडावीत. शहराच्या कडेला खाद्यपात्रे आता लावावीत. पाणी उपलब्ध असल्यास राळ्याचा एक लहान वाफा पेरावा, म्हणजे ऐन उन्हाळ्यात हिरवे बी मिळते.

मार्च ते मे: पाणी रोज बदलावे, सावली राखावी. चिमण्यांच्या पेट्या साफ करून लावाव्यात. वळवाच्या पावसानंतर गवताचा कोपरा वाढू द्यावा.

जून ते ऑगस्ट: गाजर गवत उपटावे. जुलै ते ऑगस्टमध्ये कारळे पेरावे. शहराच्या मध्यभागी असल्यास सोबत वरी, नाचणी पेरावी. टांगलेले खाद्य थांबवावे, कारण पावसात ते लवकर बुरशते. लिंबू, बोगनवेल, करवंद यांची छाटणी करू नये.

सप्टेंबर ते डिसेंबर: कारळ्याच्या फुलोऱ्यात फवारणी टाळावी. घरटी असलेल्या झाडांजवळ वर्दळ कमी ठेवावी. शेताजवळच्या वसाहतीत खाद्यपात्रे बंदच ठेवावीत. बोंडे पिकल्यावर चटणीपुरते बी काढून उरलेले पाखरांसाठी सोडावे.

विस्तार कार्यासाठी

हा प्रयोग महाराष्ट्रातही जसाच्या तसा करता येईल. पुणे, नाशिक, कोल्हापूर ही शहरे बंगळुरूप्रमाणेच शेतांवर पसरत आहेत आणि त्यांच्या वेशीवरही ज्वारी, बाजरी, भात, नाचणी उभी असते. कृषी विज्ञान केंद्रे, शाळांच्या परसबागा व गृहनिर्माण संस्था यांना कारळे आणि राळ्याचे मूठभर बी व एक पानाचे वेळापत्रक दिले, तर खर्च नगण्य राहतो. कारळ्याचे प्रात्यक्षिक शेताच्या कडेच्या दोन ओळींतही घेता येईल. त्यातून तेल, चटणी व मधमाश्यांचा लाभ शेतकऱ्याच्या हाती येतो, आणि पाखरांचा वाटा त्या हिशेबात जड वाटत नाही.

प्रात्यक्षिक घेणाऱ्यांनी वाफ्यावर आलेल्या पक्ष्यांची जात, संख्या व महिना यांची साधी नोंदवही ठेवावी. कोणत्या बियांवर कोण आले, दाणा दुधात असताना थवे कोठे होते आणि कापणीनंतर कोठे गेले, ही माहिती स्थानिक पातळीवर दोन तीन हंगाम जमली, तर पुढील वर्षी खाद्य कधी ठेवावे आणि परावर्तक फीत कधी ताणावी, हे त्या गावाला स्वतःच्या नोंदींवरून ठरवता येईल.